वेगवेगळ्या गावांतून चालणारा प्रकल्पसंघ कसा उभारावा: कामाच्या वाटणीपासून मालाच्या हस्तांतरणापर्यंत

बेळगाव परिसरातील बरेच प्रकल्प आता एका छताखाली पूर्ण होत नाहीत. जुळणी उद्यमबाग किंवा मच्छे येथे, ओतकाम कोल्हापूरच्या शिरोली वा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, डिझाइन पुण्यात आणि नियंत्रण प्रणालीचे प्रोग्रॅमिंग बेंगळुरूत, अशी वाटणी सर्रास दिसते. माणसे जाणकार असतात, काम प्रत्येकाच्या हातचे असते, तरीही प्रकल्प रखडतो. रखडण्याचे कारण बहुतेक वेळा पायऱ्यांच्या उलट्या क्रमात असते. आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, मग रोजची ऑनलाइन बैठक सुरू होते, मग कोणीतरी कामाचा तक्ता करतो, आणि कोणत्या गावाने नेमके काय पूर्ण करून द्यायचे हा प्रश्न पहिला माल नाकारला गेल्यावर निघतो.

पुढे हा क्रम सुलट मांडला आहे. उदाहरणासाठी कारखान्यांत ज्याला एसपीएम (स्पेशल पर्पज मशिन) म्हणतात असे, एकाच ठरावीक कामासाठी बनवलेले खास यंत्र धरले आहे. काम सॉफ्टवेअरचे, बांधकामाचे किंवा सर्वेक्षणाचे असले तरी पायऱ्या याच राहतात.

## १. काम कुठे तोडायचे ते आधी ठरवा

माणसे निवडण्यापूर्वी कामाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा शक्यतो एकाच गावात सुरू होऊन तिथेच संपेल असे पाहावे. एका सुट्या भागाचे मॉडेल पुण्यात आणि त्याचेच तपशीलवार ड्रॉइंग बेळगावात, अशी वाटणी कागदावर सोयीची वाटते. प्रत्यक्षात त्या दोन माणसांना दिवसातून दहा वेळा एकमेकांना विचारावे लागते आणि अंतराचा सगळा भार नेमका त्या विचारण्यावर पडतो. ज्या कामात सतत विचारपूस लागते ते एका गावात ठेवावे आणि ज्या ठिकाणी एक वस्तू, एक फाइल किंवा एक मोजमाप देऊन काम पुढे जाते त्या ठिकाणी ते तोडावे.

असे तोडले की दोन गावांमध्ये सांधे तयार होतात. प्रत्येक सांध्यासाठी एक पानाचे पत्रक करावे. कोल्हापूरहून बेळगावला येणाऱ्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, सांधा घेतला तर त्या पत्रकात मशिनिंगसाठी किती अलाउन्स (कापून काढायचा जादा धातू) ठेवायचा, पहिला संदर्भ पृष्ठभाग कोणता, कडकपणाचा अहवाल कोण देणार, माल स्वीकारण्याचा अधिकार कोणाचा आणि तारीख कोणती, हे सर्व आले पाहिजे. बेंगळुरूचा प्रोग्रॅमर आणि बेळगावचा पॅनेल वायरमन यांच्यातील सांधा म्हणजे पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाची) इनपुट-आउटपुट यादी. त्या यादीत नुसते सेन्सरचे नाव पुरत नाही. वायरचा क्रमांक आणि संपर्क एनओ (एरवी उघडा) आहे की एनसी (एरवी जोडलेला) हेही लिहावे लागते. आपत्कालीन थांब्याचे बटण प्रोग्रॅममध्ये एनसी धरलेले आणि पॅनेलमध्ये एनओ जोडलेले असेल, तर यंत्र सुरूच होत नाही, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो.

माझ्या मते संपूर्ण तयारीतील निम्मा वेळ या पत्रकांवर खर्च झाला तरी तो वाया जात नाही, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला याच कागदाचा आधार लागतो.

तपासणी: प्रत्येक गावाविषयी एक प्रश्न विचारावा. तीन दिवस बाकीच्यांचे फोन बंद राहिले तर इथले काम चालू राहील का? उत्तर नकारार्थी आले तर तुकडा चुकीच्या जागी तोडलेला आहे. पुढे न जाता वाटणी पुन्हा करावी.

## २. माणसे निवडा आणि त्यांचा वेळ लेखी घ्या

संघ लहान ठेवावा. सहा माणसांत आपसात बोलण्याच्या १५ जोड्या होतात, बारा माणसांत त्या ६६ होतात. म्हणून संघात दोन गावांमधले बोलणे ठरावीक माणसांमार्फतच व्हावे: प्रत्येक गावात एक उत्तरदायी व्यक्ती आणि तिच्या गैरहजेरीत बोलणारी दुसरी व्यक्ती. दोघांचीही नावे व क्रमांक सांधापत्रकावर असावेत.

दूरच्या संघासाठी माणूस निवडताना त्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व दोन सवयींना आहे. तो चार ओळींत स्पष्ट लिहितो का, आणि वाईट बातमी स्वतःहून लवकर सांगतो का? हे मुलाखतीत कळत नाही. त्याला एक लहान, खरे काम द्यावे, त्यात जाणूनबुजून एक माहिती अपुरी ठेवावी आणि तो काय करतो ते पाहावे. जो विचारतो तो घ्यावा. जो अंदाजाने पुढे जातो तो कितीही कसबी असला तरी त्याला समोरासमोरच्या कामातच ठेवावे.

सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट वेगळीच आहे. संघातील माणूस तुमच्या प्रकल्पावर असतो, पण रोजचे काम त्याला त्याच्या गावातला मालक किंवा व्यवस्थापक देतो. कोल्हापूरचा सुपरवायझर तुमच्या बैठकीत "होय सर" म्हणेल. दुसऱ्या दिवशी भट्टीवर मोठी ऑर्डर चढली की तुमचे कास्टिंग मागे पडेल, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल. म्हणून आठवड्याला किती तास किंवा किती पाळ्या या कामासाठी राखून ठेवल्या आहेत, हे त्या वरिष्ठाकडून ईमेलवर घ्यावे. तोंडी आश्वासनावर तारखा मांडू नयेत.

सावधान: एका गावात पाच माणसे आणि दुसऱ्या गावात एकटाच, अशी रचना टाळता आली तर टाळावी. पाच जण चहाच्या टपरीवर निर्णय घेतात आणि सहाव्याला तो आठवडाभराने समजतो. टाळणे शक्य नसेल तर त्या एकट्याला नियमितपणे आधी फोन करण्याची जबाबदारी कोणावर तरी नावानिशी सोपवावी.

## ३. सर्व गावांची एकत्र दिनदर्शिका करा

तारखा मांडण्यापूर्वी सुट्ट्या मांडाव्यात. सीमाभागात दोन राज्यांचे पंचांग सांभाळावे लागते. महाराष्ट्रात शिवजयंतीची सुटी १९ फेब्रुवारीला असते, तर बेळगावात वैशाखातील तिथीप्रमाणे जयंती साजरी होते आणि चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री शहरात वाहने हलत नाहीत. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुटी असते, त्याच दिवशी मराठी संघटना काळा दिवस पाळतात, आणि शहरातील बंदोबस्त पाहता त्या दिवशी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याची भेट किंवा मालाची गाडी ठेवू नये. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, त्यामुळे दुसरा दिवसही कामाचा धरू नये. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधानसौध येथे भरते त्या काळात शहरात राहण्याच्या खोल्या मिळणे कठीण होते. बाहेरगावच्या माणसांची भेट त्या आठवड्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे घ्यावी.

यानंतर वीज आणि पाऊस. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात वीज आणि मोबाइलचे नेटवर्क यांचा भरवसा धरता येत नाही. तिथून काम करणारा सदस्य असेल तर जून ते सप्टेंबर या काळात त्याला बैठकीवर अवलंबून असलेले काम देऊ नये. जे काम फाइल उतरवून घेऊन एकट्याने करता येते ते द्यावे. हेस्कॉम या वीज कंपनीच्या नियोजित वीजबंदीच्या सूचना स्थानिक वृत्तपत्रांत येतात, त्या पाहून दिनदर्शिकेत भरण्याचे काम एका माणसाकडे द्यावे. औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुटी सर्वत्र रविवारीच असते असे नाही, तेही विचारून नोंदवावे.

शेवटी रोजचे दोन सामाईक तास ठरवावेत, ज्या वेळात प्रत्येक जण फोन उचलेल. ग्राहक परदेशी असेल तर घड्याळ दोनदा बदलते हे विसरू नये: जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार, आणि हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो.

## ४. कोणती भाषा कुठे, हे लिहून ठेवा

आपल्याकडील संघात मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा एका दिवसात वापरल्या जातात. त्यात गैर काही नाही, परंतु नियम नसला की कोणीतरी बाहेर पडतो. गोकाक किंवा बैलहोंगलचा कन्नड भाषक फिटर, कन्नड वाचता न येणारी पुण्याची डिझायनर आणि मराठी न समजणारा बेंगळुरूचा प्रोग्रॅमर एकाच कामावर असतील, तर बोलणे ज्याला ज्या भाषेत सोपे जाते त्या भाषेत व्हावे, पण ड्रॉइंग, यादी आणि निर्णयाची नोंद मात्र सर्वांना वाचता येणाऱ्या एकाच भाषेत राहावी. ती बहुधा साधी इंग्रजी असेल.

सामाईक बैठकीत दोघे जण आपल्या भाषेत बोलू लागले तर त्यांनी संपताच दोन वाक्यांत तिसऱ्याला सार सांगावे. औद्योगिक वसाहत मंडळ, वीज कंपनी किंवा पंचायतीकडून येणारे कागद कन्नडमध्ये असतात, त्यांचा आशय त्याच दिवशी लिहून देणारी व्यक्ती आधी नेमून ठेवावी.

सावधान: सीमाप्रश्नावरील बातम्या, चित्रे किंवा मते कामाच्या ग्रुपवर येणार नाहीत, ही अट पहिल्या दिवशीच लेखी ठेवावी आणि ती सर्वांना सारखी लागू करावी. प्रत्येकाचे मत असते आणि ते असण्याचा त्याला हक्क आहे. मात्र एका संदेशाने दुखावलेली दोन माणसे महिनाभर एकमेकांचे फोन टाळतात, आणि ते नुकसान कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

## ५. काम सुरू होण्यापूर्वी एकदा सर्वांना एकत्र आणा

इतकी तयारी झाल्यावरच भेट घ्यावी. बेळगाव या दृष्टीने सोयीचे आहे, कारण पुणे सुमारे ३४० किलोमीटर, बेंगळुरू सुमारे ५०० आणि कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर असून तिन्ही शहरे याच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहेत. भेट हॉटेलच्या सभागृहात ठेवू नये. जिथे यंत्र उभे राहणार त्या कारखान्यात, दोन पूर्ण दिवस, ज्या जागेवर पाया येणार त्या जागेशेजारी ठेवावी.

या दोन दिवसांत सादरीकरणे नकोत. सांधापत्रके एकेक करून टेबलावर घ्यावीत, देणारा आणि घेणारा यांनी ती मोठ्याने वाचावीत, शंका असेल तिथे प्रत्यक्ष यंत्रावर किंवा जुन्या कास्टिंगवर बोट ठेवून बोलावे आणि शेवटी दोघांनी सही करावी. डिझायनरने मशिनिस्टला काम करताना तासभर तरी पाहावे. कोणता कोपरा टूलला पोचत नाही हे तिला त्या तासात समजते. जेवण एकत्र व्हावे. पुढे अडचण आली तर फोन उचलण्यास संकोच वाटू नये इतकी ओळख झाली, की भेटीचा खर्च निघाला असे समजावे.

तपासणी: भेटीच्या शेवटी प्रत्येकाला दुसऱ्या गावाचे काम आपल्या शब्दांत सांगायला लावावे. जिथे सांगणारा अडखळतो तिथले पत्रक अपुरे आहे.

## ६. आता साधने, आणि मुख्यतः फायलींची शिस्त

साधने कोणती घ्यावीत यावर फार वेळ घालवू नये. तातडीसाठी फोन, रोजच्या बोलण्यासाठी एक ग्रुप, निर्णयांसाठी एक सामाईक नोंदवही आणि फायलींसाठी एक सामाईक फोल्डर, इतके पुरते. ग्रुपवर झालेला निर्णय नोंदवहीत उतरल्याशिवाय निर्णय मानायचा नाही, हा एकच नियम कडकपणे पाळावा.

फायलींच्या बाबतीत मात्र सैल राहून चालत नाही. समजा डिझायनरने आवृत्ती दोनमध्ये ६२०८ क्रमांकाचे बेअरिंग धरले होते आणि आवृत्ती तीनमध्ये ते बदलून ६२०७ केले. बेअरिंगच्या घराचे बोअर (आतल्या भोकाचा व्यास) ८० मिलिमीटरवरून ७२ वर आले आणि शाफ्ट ४० वरून ३५ वर. मशिन शॉपमध्ये जुनी प्रिंट राहिली आणि बोअर ८० चे कापले गेले, तर ते परत लहान होत नाही; स्लीव्ह बसवून डागडुजी करावी लागते किंवा कास्टिंग भंगारात जाते. हाच बदल कोल्हापूरला कळला नाही तर तिथे कोअरही (ओतताना भोकाची जागा मोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) जुन्याच मापाचा पडत राहतो. म्हणजे एका आकड्याचा बदल दोन गावांत एकाच दिवशी पोचला पाहिजे.

त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. फाइलच्या नावात भागाचा क्रमांक, आवृत्ती आणि तारीख असावी. "फायनल", "नवीन फायनल" अशी नावे बंद करावीत.

२. नवी आवृत्ती फोल्डरमध्ये चढताच जुनी "रद्द" नावाच्या फोल्डरमध्ये हलवावी.

३. काय बदलले ते एका ओळीत लिहावे आणि कोणत्या सांध्यावर परिणाम होतो तेही लिहावे.

४. कारखान्यातील जुनी प्रिंट फाडून, फाडलेल्या प्रिंटचा फोटो पाठवावा.

५. पोचल्याची खात्री फोनवर करून घ्यावी.

हे शेवटचे नीट न केल्यामुळे बाकीचे चारही वाया जाते. "अण्णा, ड्रॉइंग मिळालं का?" असे विचारले की "मिळालं की," हेच उत्तर येणार, कारण कोणते तरी ड्रॉइंग मिळालेलेच असते. विचारावे ते असे: "अण्णा, मशिनजवळ जी प्रिंट लावली आहे, तिच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्ती कितवी आहे आणि बोअर किती लिहिलंय?" पलीकडून "आवृत्ती तीन, बोअर बहात्तर" असे आले की मगच नोंदवहीत खूण करावी.

सावधान: ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नये. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना त्याचा दर्जा उतरतो आणि ३८.५ चे ३३.५ वाचले जाते. पीडीएफ फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

## ७. बैठकींची लय बसवा

रोज पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा तासभर, इतके बोलणे पुरेसे आहे. एक जण जरी दूर असला तरी प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनवरून बसावे. कारखान्यातील चौघे एका फोनभोवती जमले की दूरच्याला फक्त पंख्याचा आणि ग्राइंडरचा आवाज ऐकू येतो. बोलण्याची सुरुवात सर्वांत लहान गावापासून करावी, म्हणजे मोठ्या गटाने ठरवून टाकलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

प्रगती विचारताना "किती झाले?" असे विचारू नये, कारण ८० टक्के झालेले काम तीन आठवडे ८० टक्केच राहू शकते. काम झाले किंवा नाही, इतकेच विचारावे, आणि झाले असेल तर मोजमाप, फोटो किंवा चाचणीचा निकाल पाहावा. तारीख सांगताना वार आणि तारीख दोन्ही सांगावीत; "दोन-चार दिवसांत" हे उत्तर नोंदवहीत घेऊ नये. गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हेही स्पष्ट करावे: प्रत्येक निर्णयावर संबंधित गावाचा होकार शब्दांत आला पाहिजे.

## ८. माल आणि काम एका गावातून दुसऱ्या गावात जाताना

पाठवणाऱ्याने निघण्यापूर्वी सांधापत्रकातील प्रत्येक माप घेऊन, व्हर्नियरचा (मापकाचा) आकडा दिसेल असा फोटो काढून पाठवावा, आणि घेणाऱ्याने होकार दिल्यावरच गाडी भरावी. माल पोचल्यानंतर २४ तासांत स्वीकार किंवा हरकत लेखी कळवावी.

निपाणीजवळ राज्य बदलते, त्यामुळे कागदपत्रे माणसांच्या वाटणीइतकीच आधी ठरवावीत. जॉबवर्कसाठी (आपला माल दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी) एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल पाठवताना किंमत ५०,००० रुपयांपेक्षा कमी असली तरी ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना) लागते, सोबत डिलिव्हरी चलन लागते आणि जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आणावा लागतो किंवा तिथूनच पुढे पाठवावा लागतो. घाईत दुचाकीवरून दोन सुटे भाग नेणारा माणूसही यातून सुटत नाही. चलन कोण करणार आणि शनिवारी संध्याकाळी माल निघाला तर ते कोण करणार, ही दोन्ही नावे आधीच लिहून ठेवावीत.

तपासणी: पहिला मोठा माल निघण्यापूर्वी एक लहान, स्वस्त भाग याच कागदपत्रांसह, याच क्रमाने सर्व गावांतून फिरवून आणावा. ड्रॉइंगपासून स्वीकृतीपर्यंत जिथे तो अडेल ती जागा दुरुस्त करूनच मुख्य काम सोडावे.

## ९. अडचण उघड होण्याची सोय आणि माणूस बदलताना

उशीर होणार हे ज्या दिवशी कळते त्याच दिवशी सांगणाऱ्याला दोष द्यायचा नाही, आणि तारीख उलटल्यावर सांगणाऱ्याला मात्र विचारणा करायची, हा भेद प्रकल्पप्रमुखाने स्वतःच्या वागण्यातून दाखवावा. चुकीबद्दलचे बोलणे ग्रुपवर कधीही करू नये. फोन करावा, आणि वयाने मोठ्या कारागिराशी बोलताना तर आवर्जून एकट्याशी बोलावे. दोन गावांत वाद झाला तर आधी सांधापत्रक उघडावे. पत्रकात उत्तर असेल तर वाद तिथेच संपतो. नसेल तर ते पत्रकाचे अपुरेपण आहे, त्या दोघांपैकी कोणाचा हट्ट नव्हे, आणि प्रमुखाने त्याच दिवशी निर्णय देऊन पत्रक सुधारावे.

प्रकल्पाच्या मध्यावर माणूस सोडून गेला तर नव्या माणसाला नुसती फोल्डरची लिंक देऊन चालत नाही. जुना आणि नवा यांचा किमान एक आठवडा एकत्र जावा, त्यात नव्याने बैठकीत बोलावे आणि जुन्याने ऐकावे. त्या गावाची सर्व सांधापत्रके नव्याने समोरच्या गावातील व्यक्तीबरोबर पुन्हा मोठ्याने वाचावीत आणि त्यावर नवी सही व्हावी. जुन्याचा फोन क्रमांक ग्रुपमधून काढण्यापूर्वी त्याच्या मोबाइलमध्येच राहिलेली मापे, फोटो आणि तोंडी ठरलेल्या सवलती नोंदवहीत उतरल्या आहेत का, हे प्रमुखाने त्याच्या शेजारी बसून पाहावे.